वाकलेली काच

अठ्ठावीस वर्षं मी प्रयोगशाळा चालवते आहे, पण कुणावर आळ घ्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. ती आली गेल्या नोव्हेंबरात, एका मंगळवारी सकाळी. आळ घेतला तो दलेंदावर, माझ्या सगळ्यात चांगल्या विद्यार्थिनीवर.

दलेंदा म्हणजे आमच्या स्फाक्स शहरातल्या काचवाल्या शादलीची मधली मुलगी. वय एकतीस, बोलायला कमी, हात मात्र सोन्याचा. पाच वर्षं ती माझ्याकडे पीएच.डी. करत होती. आमचं काम सांगायला सोपं आहे. उन्हाच्या जोरावर पाणी फोडायचं, त्यातला हायड्रोजन वेगळा आणि ऑक्सिजन वेगळा करायचा. हायड्रोजन भरून ठेवला की ऊनच भरून ठेवल्यासारखं. त्यासाठी ऊन पिणारा, पाण्यात टिकणारा आणि मातीमोल भावाचा पदार्थ लागतो. आम्ही गंज निवडला. साधा लोखंडाचा गंज. पण गंज मोठा आळशी असतो. ऊन पितो आणि तसाच बसून राहतो. म्हणून दलेंदा काचेच्या छोट्या तुकड्यांवर त्याच्या काड्या उगवायची. केसाच्या हजाराव्या हिश्शाएवढ्या बारीक, गव्हाच्या शेतासारख्या दाटीवाटीनं उभ्या. काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो, त्यातून वीज वाहते. काड्या उगवल्या की तुकडा भट्टीत पाचशे पन्नास अंशांवर भाजायचा, थंड करून पाण्याच्या डबीत बसवायचा, समोर सूर्यासारखा दिवा लावायचा आणि वीज मोजायची. वीज जास्त, म्हणजे पाणी जास्त फुटलं.

त्या वर्षी फेब्रुवारीपासून दलेंदाचे आकडे असे काही चढले की मी तिला तीनदा मोजायला लावलं. एक पूर्णांक आठ मिलिअँपिअर. आधी आम्ही एक दशांशावर रखडत होतो. काड्या उगवायची नवी पद्धत तिनं बसवली होती, ही सगळी तिचीच करामत असं आम्ही धरून चाललो. मे महिन्यात लेख छापून आला. दलेंदाच्या आईनं गल्लीत मक्रूद, खजूर भरलेल्या मिठाईचे तुकडे, वाटले.

सप्टेंबरात सुट्टीहून परतल्यावर दलेंदानं नवे तुकडे केले. आकडा आला शून्य पूर्णांक एक.

पुन्हा केले. तेच. पाणी बदललं, क्षार बदलले, काचेची नवी पेटी उघडली. तेच. त्यातच जर्मनीहून उल्रिका नावाच्या एका बाईंचं पत्र आलं. त्यांच्या गटानं आमची कृती तंतोतंत करून पाहिली होती आणि त्यांनाही शून्य पूर्णांक एकच मिळत होतं. पहिलं पत्र गोड होतं. दुसरं सरळ होतं. तिसऱ्याची प्रत नियतकालिकाच्या संपादकांना गेली होती. संपादकांनी तीस दिवसांत खुलासा मागितला आणि आमच्या विद्यापीठानं समिती नेमली.

भट्टीवर माझा पहिला संशय होता, हे मी आधीच सांगून टाकते. ऑक्टोबरात मी दुसरा तापमापक आणून भट्टीत घातला. काट्यावर पाचशे पन्नास, आत पाचशे पन्नास. दिवा तपासला, मीटर तपासला, सगळं चोख. मग उरलं काय? उरली ती आकडे लिहिणारी मुलगी.

त्या मंगळवारी मी तिच्या वह्या घेऊन बसले होते. मार्च महिन्याच्या एका पानावर एक आकडा खोडून वर दुसरा लिहिलेला दिसला. असली खाडाखोड माझ्याही वह्यांत आहे. पण तीन आठवडे नीट झोप नव्हती आणि समितीची बैठक चार दिवसांवर आली होती.

दलेंदा आत आली तेव्हा मी पान तिच्याकडे फिरवलं. "इथे काय झालंय?"

"चुकीच्या ओळीत लिहिलं होतं, मादाम. खाली बरोबर लिहिलंय बघा."

"दलेंदा, मला खरं सांग. ह्या आकड्यांवर तू हात फिरवलास?"

ती रडली नाही, चिडली नाही. कोटाच्या खिशातून प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढल्या, माझ्या टेबलावर ठेवल्या, कोट खुंटीला लावला आणि निघून गेली. जाताना दार हळूच ओढून घेतलं. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

बुधवारभर तिनं फोन उचलला नाही. गुरुवारीही नाही. दरम्यान जर्मनीच्या बाईंचं चौथं पत्र आलं: तुमच्याकडचा एखादा जुना, चालणारा तुकडा पाठवू शकाल का? जुन्यातले नऊ तुकडे शिल्लक होते; ते पुन्हा मोजून बघायचं आळ घेण्याच्या घाईत मला सुचलंच नव्हतं. ते पाठवायचे तर दलेंदाला न विचारता कसे पाठवणार? शेवटी गुरुवारी दुपारी ती डबी पर्समध्ये टाकली आणि तिच्या वडिलांच्या कारखान्यावर गेले.

शादलीचा कारखाना जुन्या शहराच्या भिंतीबाहेर आहे. दुकानांच्या दर्शनी काचा, दिव्यांच्या वाट्या, जुन्या गाड्यांच्या पुढच्या गोल काचा, जे जे वाकवायचं ते तो वाकवतो. मी गेले तेव्हा तो एका काचेची कड घासत होता. दलेंदा मागच्या बाजूला काचांच्या मध्ये वर्तमानपत्राचे कागद घालत बसली होती. मला बघून तिनं मान खाली घातली आणि कागद घालत राहिली.

"अस्लामा, सी शादली," मी आदरानं नमस्कार केला.

"या मादाम, बसा." त्यानं हात पुसले, एका खुर्चीवरची धूळ झटकली. आवाज मऊ होता, पण चहा विचारला नाही. आमच्याकडे चहा न विचारणं म्हणजे काय ते मला कळत होतं.

"मी दलेंदाशी बोलायला आले."

"बोला की. ती काय, समोरच आहे. ऐकायला येतं तिला. उत्तराचं मी सांगू शकत नाही."

मी मागे जाऊन उभी राहिले. "दलेंदा, जुन्या तुकड्यांतला एक जर्मनीला पाठवायचाय. तुझे आहेत ते. तू हो म्हणालीस तरच."

"पाठवा." ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "त्यांच्याकडे चालला तर काय म्हणतील, काचेवर हात फिरवला म्हणून?"

"दलेंदा!" तिचे वडील म्हणाले.

"राहू द्या, सी शादली. ऐकायलाच आलेय मी." मी डबी काढून कामाच्या फळीवर ठेवली. "ह्यातला कुठला पाठवायचा ते तूच निवड."

ती उठली नाही. शादलीनं डबी उघडली. काचवाल्यासमोर काच ठेवली की त्याचा हात राहत नाही. लालसर तांबूस थराचा एक तुकडा त्यानं दोन बोटांत धरला, कडेनं डोळ्याजवळ नेला, एक डोळा मिटला. मग फळीवरच्या घोटीव संगमरवरावर तो पालथा ठेवला आणि एका कोपऱ्यावर नखानं दाबलं. टक् असा आवाज आला. दुसऱ्या कोपऱ्यावर दाबलं, पुन्हा टक्.

"हा डुलतोय," तो म्हणाला. दुसरा ठेवला. तोही डुलला. तिसराही. "सगळे वाकलेत. एवढेसेच, पण वाकलेत. किती आगीवर ठेवलं होतं हे, मादाम?"

"पाचशे पन्नास."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

तो हसला. चेष्टेनं नाही, लहान मुलानं काही वेडगळ सांगितल्यावर आपण हसतो तसा. "नाही हो. पाचशे पन्नासला ही काच तुम्ही पाऊण तास ठेवा नाहीतर दुपारभर ठेवा, ती अंग सोडत नाही. मी काय करतो मग इथे बत्तीस वर्षं? ही काच सातशेच्या वर जाऊन आलीय. कडा बघा, कापलेली धार बोथट झालीय. ही धार कानसेनं मारलेली नाही, आगीनं मऊ केलीय."

"बाबा, भट्टीचा काटा पाचशे पन्नास दाखवत होता," मागून दलेंदा म्हणाली. दोन दिवसांनी तिचा नेहमीचा आवाज ऐकला. "मी रोज लिहून ठेवलंय."

"काटा काय दाखवत होता ते काट्याला विचार. काचेनं मला सांगितलं ते मी सांगतो."

दलेंदा उठून फळीपाशी आली. तिनं एक तुकडा उचलला, त्याच्याकडे बघत राहिली आणि मग तिचा चेहरा बदलला. "मादाम, जुने तुकडे गळायचे."

"म्हणजे?"

"डबीत बसवले की रबराच्या कड्याखालून पाणी झिरपायचं. आठवतं? मी दोन-दोन कडी घालायची, स्क्रू आवळायची. सप्टेंबरपासून एकही तुकडा गळला नाही. मला वाटलं, मीच बसवायला शिकले." ती भराभर बोलत होती. "जुने सपाट नव्हते म्हणून गळत होते. नवे सपाट आहेत. म्हणजे जुने खरंच जास्त तापले होते!"

पुढचं आम्हा दोघींना एकदमच कळलं. सातशेच्या वर गेलं की काचेवरच्या लेपातलं कथील थोडं थोडं वर सरकतं आणि गंजाच्या काड्यांत शिरतं. कथील शिरलं की आळशी गंज वीज वाहू देतो. ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. आम्हालाही होती. पण पाचशे पन्नासला ते होत नाही, म्हणून त्या वाटेला आम्ही गेलोच नव्हतो.

"पण भट्टी मी तपासली, ऑक्टोबरात," मी म्हटलं. "चोख होती."

"ऑक्टोबरात," दलेंदा म्हणाली. "जूनमध्ये तपासली होती?"

शादलीनं आता चहा मागवला. आम्ही तो उभ्यानंच प्यायलो. जीभ भाजली.

आमच्या विभागात यंत्रं सांभाळायला अम खमैस, म्हणजे खमैसकाका, आहे. साठीला टेकलेला, मिशीवाला, आणि कुणी न सांगता दुरुस्त्या करायची त्याला खोड. आम्ही दोघी पोचलो तेव्हा तो घरी निघायच्या बेतात होता. ऑलिव्हची तोडणी चालू होती आणि त्याची स्वतःची चाळीस झाडं आहेत, त्यामुळे नोव्हेंबरात तो अर्धा विभागात आणि अर्धा झाडावर असतो.

"अम खमैस, उन्हाळ्यात भट्टीला हात लावला होता का?" मी विचारलं.

त्यानं टोपी काढली. "का? काय झालं भट्टीला?"

"काही नाही. हात लावला होता का, एवढंच."

"ऑगस्टमध्ये. तुम्ही सगळे समुद्रावर होतात. मी म्हटलं, भट्टी साफ करून घेऊ. तर आतला तापमापक मागे सरकलेला. त्याचा क्लॅम्प सैल झाला होता, त्यामुळे टोक भट्टीत असायच्या ऐवजी विटेत लपून बसलं होतं. नवा आणून बसवला, पार आतपर्यंत. का, बिघडला?"

"केव्हापासून सरकला असेल?"

"ते कसं सांगू? हिवाळ्यात आपण भट्टी ह्या खोलीत हलवली ना, तेव्हा धक्का लागला असेल." त्याच्या चेहऱ्यावर आता भीती दिसायला लागली. "मादाम, मी सांगायला हवं होतं का? एवढीशी तर गोष्ट. मला वाटलं, चांगलंच काम केलं."

दलेंदा पुढे झाली. "अम खमैस, जुना तापमापक टाकून दिलात?"

"मी? टाकून?" तो दुखावल्यासारखा झाला. "मी आजवर काय टाकलंय, बिंती? सांग ना पोरी."

खणातून त्यानं तो काढला. चिनी मातीची पांढरी नळी, आणि तिच्या टोकापासून पाच बोटांवर विटेचा तपकिरी वळसा. तिथपर्यंतचा भाग विटेत दडलेला असायचा, म्हणजे काटा भट्टीचं नाही, थंड विटेचं तापमान दाखवत असणार. अम खमैसनं नवा तापमापक मोजून तेवढाच मागे ओढला आणि भट्टीच्या मधोमध माझा दुसरा तापमापक ठेवला. भट्टी लावली. आम्ही तिघं तिच्यासमोर बसून राहिलो, जणू आत पाव भाजतोय.

भट्टीचा काटा पाचशे पन्नासवर येऊन थांबला. माझा तापमापक दाखवत होता सातशे बासष्ट.

अम खमैसनं एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. "म्हणजे मी दुरुस्त केली आणि तुमचं काम बिघडलं?"

"तुम्ही दुरुस्त केली म्हणून आमची चूक उघडी पडली," मी म्हटलं.

"हे ऐकायला बरं आहे, पण मला अजून कळलं नाही की मला रागवताय का शाबासकी देताय."

दलेंदा हसली. त्या आठवड्यात पहिल्यांदाच. मलाही हसू आलं.

पण खरी परीक्षा उरली होती. शुक्रवारी सकाळी दलेंदानं सप्टेंबरातले, सपाट, न चालणारे चार तुकडे घेतले. भट्टीचा तापमापक जागेवर नीट बसवला होता. ह्या वेळी काट्यावर सातशे साठ लावले, उघड्या डोळ्यांनी. पाऊण तासानं तुकडे थंड व्हायला ठेवले. अम खमैस ऑलिव्ह सोडून आला होता आणि दाराशी उभा होता.

दलेंदानं पहिला तुकडा डबीत बसवला. रबराच्या कड्याखालून एक थेंब झिरपला.

"गळतोय!" ती ओरडली. आयुष्यात गळतीचा एवढा आनंद कुणाला झाला नसेल. तिनं दुसरं कडं घातलं, स्क्रू आवळला, दिवा लावला.

आकडा चढू लागला. शून्य पूर्णांक तीन. शून्य पूर्णांक नऊ. एक पूर्णांक चारवर क्षणभर रेंगाळला, मग एक पूर्णांक सातवर जाऊन स्थिर झाला. समोरच्या प्लॅटिनमच्या तारेवरून हायड्रोजनचे बुडबुडे बारीक माळेसारखे वर निघाले.

मी खुर्चीत बसले. छातीवर महिनाभर जे काही बसलं होतं ते उठून गेलं, आणि तेव्हा मला कळलं की ते किती जड होतं. दलेंदा तोंडावर हात धरून उभी होती. अम खमैस "अल्हमदुलिल्लाह, अल्हमदुलिल्लाह" म्हणत होता आणि मध्येच विचारत होता, "हे चांगलंय ना? एक पूर्णांक सात चांगलंय ना?"

"चांगलंय," मी म्हटलं. "फार चांगलंय."

तो गेल्यावर मी दलेंदाला म्हटलं, "मला माफ कर."

ती दिव्याची तार गुंडाळत होती. "मादाम, विचारणं तुमचं कामच आहे. मी तुमच्या जागी असते तर मीही विचारलं असतं." तार खणात ठेवून ती म्हणाली, "पण विचारायच्या आधीच तुम्ही ठरवून टाकलं होतंत. तोंडावर दिसत होतं. ते मला लागलं."

"हो," मी म्हटलं. "ठरवलं होतं."

"आता?"

"आता लाज वाटतेय. आणि खरं सांगू? लाजेपेक्षा जास्त सुटल्यासारखं वाटतंय."

"मलाही," ती म्हणाली. "तीन दिवस मी स्वतःवरच संशय घेत होते. रात्री वाटायचं, मीच झोपेत काहीतरी लिहिलं असेल." मग तिनं टेबलावर पडलेल्या किल्ल्या उचलल्या आणि खिशात टाकल्या.

शनिवारी समितीपुढे आम्ही दोघी गेलो. सोबत जुने तुकडे, नवे तुकडे, जुना तापमापक आणि भट्टीच्या दोन्ही काट्यांचे फोटो होते. समितीतल्या एका गृहस्थांनी तुकडा टेबलाच्या काचेवर ठेवून नखानं दाबून पाहिला आणि मग पुढची दहा मिनिटं तेच करत बसले. लेखात तापमान चुकलं होतं, आकडे खरे होते, आणि दुरुस्ती आम्हीच पाठवतो आहोत, एवढी नोंद करून समितीनं काम संपवलं.

दुरुस्ती पाठवणं सोपं नव्हतं. जगासमोर लिहायचं होतं की आमच्या भट्टीत दोनशे अंशांची चूक सहा महिने दडलेली होती आणि आम्हाला ती दिसली नाही. दलेंदानं मसुदा केला. "अनवधानाने" असा शब्द तिनं दोनदा घातला होता, मी दोन्हीकडे खोडला. शेवटी आभाराच्या ओळीत तिनं दोन नावं लिहिली, तापमापकासाठी खमैस आणि काचेसाठी शादली.

जर्मनीच्या बाईंना मी वेगळं पत्र लिहिलं, सगळं सविस्तर, वाकलेल्या काचेसकट. बारा दिवसांनी उत्तर आलं. मी ते विभागातच मोठ्यानं वाचलं, कारण अम खमैस नव्या तेलाचा घाणा आटोपून बरणी घेऊन आला होता, शादली घरचा पाव घेऊन आला होता आणि सगळे टेबलाभोवती जमले होते.

"'आम्ही सातशे साठवर भाजून पाहिलं,'" मी वाचलं. "'एक पूर्णांक सहा मिळालं. आमचेही तुकडे गळतात. त्यासाठी कुठलं रबर वापरता ते कळवाल का?'"

दलेंदानं टाळी वाजवली. शादलीनं पत्राचा अर्थ मुलीकडून पुन्हा एकदा समजून घेतला, म्हणाला, "त्यांना सांग, रबर कशाला बदलता, काचेखाली सपाट दगड ठेवा भाजताना. वाकणारच नाही." मग त्यानं पाव मोडून माझ्यासमोर ठेवला.

तेल हिरवंगार होतं, घशाला चरचरणारं, दोन दिवसांचं. मी पाव बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा तुकडा. मग तिसरा.

"हळू, मादाम," अम खमैस म्हणाला, "बरणी इथेच ठेवून जाणार आहे मी."